चाकाचा तिसरा आकडा



स्पोर्ट्स कारला नवे अलॉय चढवायचे म्हटले की दुकानात पहिला प्रश्न इंचांचा असतो: सतरा की अठरा? दुसरा रुंदीचा. तिसरा आकडा चाकाच्या पाठीमागे ‘ईटी 45’ असा कोरलेला असतो आणि त्याची चौकशी बहुतेक वेळा होतच नाही. टायर मडगार्डच्या कडेला बरोबर येऊन भिडला, गाडी रुबाबदार दिसली, की काम झाले असे मानतात. माझा मुद्दा असा की हा तिसरा आकडा म्हणजेच ऑफसेट मुळात स्टिअरिंगचे माप आहे. गाडीचे रूप ठरवण्यासाठी तो वापरला की त्याची किंमत ब्रेक, बेअरिंग आणि स्प्रिंग यांना मोजावी लागते.

ऑफसेट म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातल्या बागायतदाराला नव्याने सांगायला नको. उसात आंतरमशागतीसाठी ट्रॅक्टर घालायचा तर मागच्या चाकांच्या डिश उलटून बसवतात आणि दोन चाकांतले अंतर सरीला जुळवून घेतात. चाक तेच, एक्सल तोच. फक्त हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती अलीकडे-पलीकडे आहे, ते बदलते. हेच मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारी बाजू मध्यरेषेच्या बाहेर, रस्त्याकडच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन, आणि आकडा जितका लहान तितके चाक बाहेर. आता हिशेब पाहा. मूळ चाक 7 इंची, ईटी 45. नवे 8 इंची, ईटी 35. एक इंच रुंदी दोन्ही अंगांना निम्मी वाटली जाते, म्हणजे 12.7 मिलिमीटर. ऑफसेट 10 ने घटला. म्हणून बाहेरची कड 22.7 मिलिमीटर बाहेर गेली आणि आतली फक्त 2.7 मिलिमीटर आत सरकली. आत सस्पेन्शनला टायर घासत नाही म्हणून दुकानदार खूश, बाहेर ऐट आली म्हणून मालक खूश. पण टायरची मध्यरेषा 10 मिलिमीटर बाहेर गेली, ती मात्र कोणी मोजली नाही.

मोजायला हवी ती याचसाठी. पुढचे चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायरच्या ठशाच्या मध्यापासून काही अंतरावर जमिनीला टेकतो. या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. चाक 10 मिलिमीटर बाहेर काढले की हे अंतरही जवळपास तेवढेच बदलते. आता करंजी घाटाच्या उतारावर समोरून ट्रक आला म्हणून डावी चाके मुरमाच्या साइडपट्टीवर उतरली आणि ब्रेक दाबला, अशी कल्पना करा. उजव्या चाकांना डांबराची पकड असल्याने ब्रेक तिकडे जास्त लागतो आणि गाडी उजवीकडे, म्हणजे थेट समोरच्या वाहनांकडे ओढली जाते. अक्ष ठशाच्या बाहेरच्या अंगाला टेकत असेल, म्हणजे स्क्रब रेडियस ऋण असेल, तर तोच जादा ब्रेक चाकांना डावीकडे वळवू पाहतो आणि ओढ सावरतो. 1972 साली आलेल्या ऑडी 80 मध्ये ही रचना कर्णरेषेत विभागलेल्या ब्रेकच्या जोडीने मुद्दाम केली होती: ब्रेकची एक लाइन निकामी झाली तरी गाडी सरळ थांबावी म्हणून. पण एखाद्या गाडीचा मूळचा ऋण 8 मिलिमीटर स्क्रब रेडियस चाक 20 मिलिमीटर बाहेर काढल्यावर धन 12 होतो आणि सावरणारा हातच ढकलणारा होतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: चाके लांब रोवली की गाडी वळणावर स्थिर होते, हे तर शास्त्रच आहे. ते खरे आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार दोन चाकांतल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोन चाकांत 1500 मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीत दोन्ही चाके 20-20 मिलिमीटर बाहेर काढली तर हा भार सुमारे अडीच टक्के घटतो. पण ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते, तिथे आर्मच्या आतल्या बिजागरीपासून चाकाचे अंतर 350 चे 370 झाले, तर स्प्रिंगचा चाकाला मिळणारा कडकपणा वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास दहा टक्के उतरतो. गाडी जास्त कलंडते, खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. शिवाय बेअरिंगवरचा भार मूळ जागेपासून 20 मिलिमीटर दूर गेला, तो सरळ रस्त्यावरही दूरच राहतो.

दुसरा आक्षेप: ट्रॅक्टरचे चाक उलटते, मग कारचे का नको? ट्रॅक्टरची मागची चाके वळत नाहीत, वेग कमी असतो आणि एक्सल-बेअरिंग या अदलाबदलीचा भार धरूनच बनवलेले असतात. शर्यतीच्या गाड्यांचेही तसेच: तिथे चाकाबरोबर आर्म आणि स्टिअरिंगची भूमितीही बदलते आणि बेअरिंग ठरावीक तासांनी फेकून देतात. तिसरा आक्षेप स्पेसरचा, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायच्या चकतीचा, की पोर्शेसारखी कंपनी स्वतः स्पेसर देते. देते, पण 911 च्या काही मॉडेलना दिलेला तो स्पेसर 5 मिलिमीटरचा, हबवर घट्ट बसणारा आणि त्याला साजेशा लांब बोल्टांसह असतो. बाजारातला 20 मिलिमीटरचा तुकडा त्याच्या पुण्याईवर खपवता येत नाही. एवढे मात्र मान्य करायला हवे की कंपन्या चाकाभोवती थोडी जादा जागा सोडतात, कारण युरोपात बर्फासाठी टायरला साखळ्या चढवाव्या लागतात. नगरला त्या जागेची गरज नाही. तेवढी खुशाल वापरावी. पण मोकळी जागा वापरणे वेगळे आणि मध्यरेषा हलवणे वेगळे.

नगर शहरातच संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 मध्ये नमुना वाहन तपासणाऱ्या संस्थांत तिचे नाव आहे. अशा संस्थेतून गाडी पास होते ती तिच्या चाकांसकट. खुद्द चाकाच्या वळण-थकवा चाचणीत किती वाकवणारा जोर लावायचा, त्या सूत्रात टायरची त्रिज्या, घर्षण आणि भार यांच्या जोडीला ऑफसेटही असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

म्हणून रुंद चाक घ्यायचेच तर ऑफसेट मूळ आकड्याच्या पाच मिलिमीटरच्या आत ठेवावा. वरच्याच उदाहरणात 8 इंची चाक ईटी 40 चे घेतले तर बाहेर 17.7 आणि आत 7.7 मिलिमीटर लागतात. आत तेवढी जागा नसेल, तर ते चाक त्या गाडीचे नव्हे. साडेसात इंची बघावे. पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, दुकानदार जुळवतोच, पण मधले भोकही हबशी जुळावे: फोक्सवॅगनचा हब 57.1 चा, पोर्शेचा 71.6 चा, मोठ्या भोकाला मापाची रिंग हवी. गाडीत चार माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहावे आणि बिलावर इंचांबरोबर ईटीचा आकडाही लिहून घ्यावा. जो दुकानदार तो लिहायला तयार नसेल, त्याच्याकडून चाक घेऊ नये.