द्वाड म्हणण्याआधी



माझ्या जावेचा चार वर्षांचा मुलगा शिवाजी पार्कात हात सुटला की थेट रस्त्याकडे धावे. “तूच लाडावून ठेवलेस,” असे मी तिला टोचून बोलले. आज त्याची लाज वाटते.

चंचल तर सगळीच मुले. पण घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे, बरोबरीच्या मुलांहून फारच जास्त धावपळ, खेळातही लक्ष न टिकणे, आपला नंबर येईपर्यंत न थांबणे, असे सहा महिने चालले तर डॉक्टरांना दाखवावे, कानही तपासावेत. तो एडीएचडी असू शकतो, आणि तो लाडाने होत नाही. इतक्या लहान वयात औषधाआधी आईबापांनाच शिकवतात: एका वेळी एकच सूचना, ऐकले की लगेच शाबासकी.

जावेची मी क्षमा मागितली. तुमच्यावर ती पाळी न येवो, एवढेच सांगून मी बसते.