प्रोसेसर बदलायचा, की डिस्क?

 

गटाच्या हिशेबाला, बँकेच्या कागदांना जुना लॅपटॉप घेतला, तो पाच-दहा मिनिटं सुरूच होत नाही. दुकानात नेला की सल्ला मिळतो, "प्रोसेसर बदलून टाका." प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, हे ऐकलेलं असतं, त्यामुळे आपणही मान हलवतो. पैसे मात्र गटाचे असतात, म्हणून आधी ऐका.

मोठ्या डब्याच्या कॉम्प्युटरात प्रोसेसर बहुतेक वेळा खाचेत बसवलेला असतो, काढून दुसरा बसवता येतो. लॅपटॉपचं तसं नाही. गेल्या दहाएक वर्षांतल्या जवळपास सगळ्या लॅपटॉपांत तो मुख्य बोर्डालाच कायमचा डाग देऊन जोडलेला असतो. तो बदलायचा म्हणजे बोर्डच बदलायचा, आणि त्या खर्चात दुसरा जुना लॅपटॉप बघितलेला बरा.

ओळखायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. खिडकी उघडली की परफॉर्मन्स निवडा. सीपीयूवर गेलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. इंटेलचा असेल आणि नावाच्या शेवटी यू असेल, उदाहरणार्थ आय ५-५२००यू, तर विषय तिथंच संपला, तो निघत नाही. आय ३-२३५०एम असं शेवटी एम असेल तर लॅपटॉप बराच जुना आहे. त्यातला बहुधा निघतो, पण त्याच खाचेत बसणारा आणि त्या बोर्डाला चालणाराच लागतो. एवढं करून वेगात फरक थोडाच पडतो. माझं विचाराल तर त्यात पैसा घालू नये.

त्याच खिडकीत खरा दोषी सापडतो. लॅपटॉप अडकलेला असताना बघा. सीपीयू पंधरा-वीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर असेल, तर मेंदू रिकामा बसलाय आणि कपाटातून वस्तू निघायला वेळ लागतोय. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते. तिच्या जागी एसएसडी घातली की बहुतेक जुन्या लॅपटॉपांचा फरक लगेच कळतो. मेमरी भरलेली दिसली तर चार जीबीची रॅम आठ करून घ्या. डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, म्हणून जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्या. दोन-तीन दुकानांत भाव विचारा.

आणखी एक ऐकायला मिळेल, "विंडोज ११साठी प्रोसेसर बदलावा लागेल." विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हे खरं. पण विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि तो जुन्या बोर्डावर बसतच नाही. म्हणून जुना लॅपटॉप विकत घेतानाच नाव बघा: आय ५-८२५०यू असं असेल तर रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी.

१९९३च्या भूकंपानंतर घरं पुन्हा उभी राहत होती, तेव्हा आपल्या भागातल्या बाया संवाद सहायक म्हणून गावोगाव फिरल्या, बांधकाम नीट होतंय का ते बघितलं. तेव्हाही कुणी इंजिनिअर नव्हतं. दुकानातही तसंच समोर उभं राहा. कोणता भाग काढला, कोणता घातला, ते बिलावर लिहून घ्या. गटाच्या दोघी जा, एकटीनं जाऊ नका.

डिस्क बदलायच्या आधी हिशेब पेनड्राइव्हवर काढून घ्या. आणि जुनी डिस्क दुकानात सोडू नका, पाच-पन्नास रुपये कमी करतो म्हणाला तरी. तिच्यात बायांचे आधार नंबर, पासबुकाचे फोटो असतात. पुसलेलंही पुष्कळदा परत काढता येतं. ती गटाच्या पेटीत कुलपात ठेवा.