जंजिऱ्याचं पाणी
(सोसायटीच्या 26 जानेवारीच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



डिसेंबरात आपण ज्येष्ठ मंडळी मुरूड-जंजिऱ्याला जाऊन आलो. त्याबद्दल दोन शब्द बोल, असा हुकूम झाला आहे. प्रवास सांगत बसत नाही. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, पुढे मिनीबस, आणि कोणाचा डबा कोणी संपवला हे सगळ्यांना माहीत आहे.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. आपण परभणीची माणसं, पाणी पाहायचं तर येलदरीला जाणारी. होडी हलली की आमच्या सौ. माझा दंड पकडायच्या. लाइफ जॅकेट मागितलं तर नावाडी म्हणाला, "काका, कशाला? पाच-दहा मिनिटांचं तर काम!" आम्ही हट्टाने घेतलीच. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनीही सोडू नका.

बरोबर राजपुरीचाच एक तरुण गाइड होता. शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग त्याने लांबून दाखवला. किल्ला सिद्दींकडेच राहिला, कोणालाही जिंकता आला नाही, दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, कलालबांगडी तोफ, हे सगळं त्याने रंगवून सांगितलं. पण मी किनाऱ्यावरचा काळा खडक बघत होतो. बारीक भोकं, काहींत पांढरी गारगोटी. म्हटलं, हा तर आपल्या विहिरीतला दगड!

आणि तो तोच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. त्या पायऱ्यांवरून या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. आज पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलाय. तिथे त्यावर लाटा आपटतात, इथे तो झिजून आपली कापसाची काळी माती झाली. भोकं म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे.

आता मुद्द्याचं. किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे बांधीव तलाव आहेत. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि आत गोडं पाणी. एकजण म्हणाले, "देवाची करणी." मी म्हटलं, करणी देवाची, पण तलाव माणसांनी बांधलाय. झरा म्हणजे तरी काय? खडकाच्या भेगेत मुरलेला पाऊसच.

आपल्या सोसायटीत तीन बोअर आहेत. तिसऱ्याला चारशे फुटांवर नुसती धूळ निघाली, हे आपण सगळ्यांनी उभं राहून पाहिलं. आता चौथ्याचा प्रस्ताव आहे. मंडळी, हा खडक स्पंजासारखा नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि थरांमधल्या भेगांत. मधला घट्ट पाषाण कोरडा. भेग लागली तर लागली, नाहीतर पैसे गेले. बँकेत असं कर्ज मी मंजूर केलं नसतं! आणि पाणी लागलं तरी शेजाऱ्याच्या बोअरचंच ओढणार.

मी हिशेब मांडला. आपली गच्ची अंदाजे चार हजार चौरस फूट, म्हणजे 372 चौरस मीटर. परभणीचा पाऊस 800 मिलिमीटर धरा. जवळपास तीन लाख लिटर पाणी गच्चीवर पडतं आणि गटारात जातं. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, तरी 2 लाख 38 हजार. पाच हजार लिटरचे 47 टँकर. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि लातूर काही लांब नाही.

काही सभासद म्हणतील, मुरवलेलं पाणी आपल्यालाच मिळेल कशावरून? प्रश्न खरा आहे. सगळं नाही मिळणार. म्हणून माझं म्हणणं असं, की निम्मं टाकीत साठवावं आणि निम्मं गाळण करून त्या कोरड्या तिसऱ्या बोअरमध्ये सोडावं. तो खड्डा तरी कामाला येईल. मागच्या सभेत हे बोललो तेव्हा, "काका, निवृत्तीनंतर तुम्हाला वेळच वेळ," असं एकाने ऐकवलं. खरं आहे, वेळ आहे. म्हणून प्लंबरकडून अंदाजपत्रक मीच आणलंय. चौथ्या बोअरच्या निम्म्याहून कमी.

सचिवसाहेब, ते सोबत जोडतो. मार्चच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावं. पाइप जूनच्या आत बसले पाहिजेत.