ओठावर जर उठला तर…



सुगीत दिवसभर उन्हात राबलं, जागरण झालं, किंवा ताप-सर्दी येऊन गेली की ओठाच्या कडेला चुरचुर सुटते. दुसऱ्या दिवशी बघावं तर पाण्याचे बारीक फोड. कुणी म्हणतं जर उठला, कुणी म्हणतं ताप फुटला, कुणी म्हणतं कोळी फिरला. कोळ्याचा यात काही दोष नाही. हा हर्पीस नावाच्या विषाणूचा प्रताप. जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांतल्या जवळपास दोघांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणीच, कुणीतरी घेतलेल्या पापीतून मिळालेला असतो. म्हणून ओठावर फोड दिसला की बाईवर संशय घेणं साफ चूक.

हा विषाणू नसेत दडून बसतो आणि अंग थकलं की वर येतो. तो मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. पण फोड सहसा सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होतात. तोवर काय करायचं?

स्वच्छ ओलं गार फडकं दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ धरा. खपली फुटू नये म्हणून स्वच्छ बोटानं थोडं खोबरेल किंवा तूप लावा आणि लगेच हात धुवा. चुना, राख, टूथपेस्ट लावू नका. सुईनं फोड फोडू नका. घरात पडलेली खाजेची ट्यूबही नको. तिच्यात स्टिरॉइड असेल तर दुखणं वाढतं. चुरचुर सुटताच असायक्लोविरचं मलम लावलं तर फोड थोडे लवकर बरे होतात. ते कसं लावायचं, हे आरोग्य केंद्रात विचारा.

आता खाण्याचं. लिंबू, लोणचं, तिखट, खारट यांनी आग होते. चार दिवस ते बाजूला ठेवा. मऊ भात-वरण, ताक, मुगाची खिचडी, पिकलं केळं खा. पाणी भरपूर प्या. शेंगदाण्यानं जर उठतो असं सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. आपल्या ताटातला तो स्वस्त आणि पौष्टिक घास. उगाच सोडू नका. उन्हात जाताना पदर किंवा रुमाल ओठांवरून घ्या. पोटभर जेवण आणि पुरेशी झोप मिळू द्या.

तोंडाच्या आत येणारे पांढरट व्रण, म्हणजे तोंड येणं, हे बहुधा वेगळं दुखणं. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. ओठावरचे फोड मात्र लागतात. उष्टा पेला, टॉवेल वेगळा ठेवा. फोडाला लागलेलं बोट डोळ्याला लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओठावर फोड असेल तर बारशाला गेलात तरी बाळाची पापी घेऊ नका. आपल्याला जे किरकोळ वाटतं, ते नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. आजी असो, आत्या असो, पाहुण्यांना स्पष्ट सांगा. राग आला तरी चालेल. फोड आईच्याच ओठावर असेल तर हात धुऊन, तोंडावर पदर घेऊन तिनं बाळाला पाजावं. दूध तोडू नये. फोड स्तनावर असेल तर मात्र त्या बाजूनं पाजू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं.

दहा दिवसांत बरं वाटलं नाही, डोळा लाल होऊन दुखू लागला, वरचेवर फोड येऊ लागले, किंवा लहान मूल पाणीही पिईना, तर घरी थांबू नका. महिन्याच्या आतलं बाळ तापलं, दूध ओढेना किंवा मलूल झालं, तर तासभरही थांबू नका. आशाताईंना हाक मारा आणि दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत हे गटातल्या सगळ्याजणींना सांगा.