चालतां चालतां थांबणारी गाडी

(नभोवाणीवरील भाषण)

रात्रभर ठणकणारी दाढ दंतवैद्याच्या पायऱ्या चढतांना एकाएकीं शहाणी होते, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांना असेल. खुर्चीवर बसून तोंड उघडावें, आणि नेमकी कोणती दाढ तें सांगतां येऊं नये! यंत्रांचेंहि असेंच आहे. जो बिघाड सदैव हजर असतो तो शोधणें सोपें. त्याला हातानें धरून ठेवतां येतें. पण जो येतो आणि जातो, मिस्त्रीच्या दारांत गाडी उभी राहिली कीं लपून बसतो, त्यानें मोठमोठ्या जाणकारांना रडकुंडीस आणलें आहे. अशाच एका बिघाडाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती एका मालवाहू गाडीची आहे खरी. परंतु ज्या श्रोत्यांच्या घरीं डिझेलवर चालणारी मोटार असेल त्यांनाहि तींतील बराचसा भाग उपयोगीं पडेल.

माझे एक मावसभाऊ काटोलजवळ राहतात. त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि माल नेण्यासाठीं, जिला आतां सर्वत्र पिकअप म्हणतात तशी एक गाडी त्यांनीं कर्ज काढून घेतलेली आहे. मृग बहाराचीं संत्रीं फेब्रुवारीपासून उतरूं लागतात. रात्रीं माल भरावयाचा, पहाटे निघावयाचें, आणि कळमेश्वरावरून नागपुरांत येऊन कळमन्याच्या बाजारांत लिलावापूर्वीं हजर व्हावयाचें, असा त्यांचा क्रम. काटोलापासून नागपूर सुमारें ६० किलोमीटर. अंतर कांहीं फार नव्हे. परंतु त्या मोसमांत ही गाडी वाटेंत कोठें तरी दम सोडूं लागली. चढ आला कीं जोर कमी व्हावा, दोन-चार आचके बसावे आणि इंजिन बंद पडावें. दहा मिनिटें स्वस्थ उभें राहिल्यावर पुन्हां किल्ली फिरवली, तर कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत तें सुरू! लिलाव चुकला कीं माल दुसऱ्या दिवसावर जातो, आणि मार्चच्या उन्हांत एक दिवस म्हणजे संत्र्याला फार झाला.

एका मिस्त्रीनें डिझेलची गाळणी, म्हणजे फिल्टर, बदलली. दोन दिवस गाडी उत्तम चालली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. दुसऱ्यानें गाडीच्या संगणकाला आपलें यंत्र जोडून पाहिलें, 'रेलमधील दाब अपुरा' असा इशारा वाचला आणि मोठा पंप बदलावा लागेल असें सांगितलें. त्या पंपाची किंमत मोसमाचा नफा गिळून बसेल एवढी होती. याहून वाईट गोष्ट अशी कीं, भाऊंच्या मनांत चालकाविषयीं संशय शिरला. हा मनुष्य डिझेल काढून विकतो व वर रॉकेल ओततो, असें कोणी तरी त्यांच्या कानांत घातलें होतें. अकरा वर्षें घरांत वावरलेल्या त्या माणसाचा अर्धा पगार त्यांनीं अडकवून ठेवला आणि मोसम संपतांच त्याला निरोप द्यावयाचें ठरविलें. मला बोलावणें आलें तें पंप घ्यावा कीं न घ्यावा एवढें विचारण्यासाठीं.

येथें डिझेल इंजिनाचें मर्म थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहीं. रुडोल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९३ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट मिळविलें आणि १८९७ सालीं आऊग्सबुर्ग येथें जी यशस्वी करून दाखविली, ती अशी कीं हवा अतिशय दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं तींत तेलाचा फवारा पडतांच तो आपोआप पेट घेतो. आजच्या इंजिनांत हवा मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या ते अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, व तिचें तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातें. फवारा उडविण्यासाठीं आधुनिक गाडींत सर्व नळ्यांना मिळून एक जाड पोलादी नळी असते. तिलाच रेल म्हणतात. तींत तेल वातावरणाच्या हजार-दीड हजार पट दाबाखालीं कोंडलेलें असतें, आणि तें केव्हां व किती सोडावयाचें हें संगणक ठरवितो. तेव्हां इंजिन सुस्थितींत असेल तर त्याला तीनच गोष्टी लागतात: हवा, तेल आणि हुकूम. तें थांबलें, तर या तिघांपैकीं कोणी तरी संप केला आहे असें समजावें.

हुकूम तुटला कीं काय, हें ओळखण्याची खूण चालकाच्या डोळ्यांसमोरच असते. तारेचें जोड सैल असेल, किंवा इंजिनाचे फेरे मोजणारा संवेदक तापल्यावर मुका होत असेल, तर गाडी दिवा मालवावा तशी क्षणांत बंद पडते. पुष्कळदां फेरे दाखविणारा कांटाहि चाकें फिरत असतांनाच शून्यावर कोसळतो. उलट, तेलाची उपासमार होत असेल तर इंजिन आचके देत, कण्हत कण्हत मरतें. हवा कमी पडली तर बहुधा काळा धूर निघतो, कारण तेल पुरेसें जळत नाहीं. मीं चालकाला या तिन्ही गोष्टी विचारल्या. कांटा हळूहळू उतरतो, धूर नाहीं, आचके मात्र नेहमीं, असें त्यानें सांगितलें, आणि मग जरा थांबून, मालक ऐकत नाहींत असें पाहून, तो म्हणाला, "काकाजी, मले तं वाटते टाकीतच काही तरी हाय. पण मी बोललो का मालकाले वाटते मी सोताले वाचवून राहिलो."

आतां पंपाविषयीं. संगणकाचा इशारा खोटा नव्हता. रेलमधील दाब खरोखरच कमी होत होता. परंतु ज्वरमापकानें ताप दाखविला म्हणजे तो हिवतापाचा कीं विषमज्वराचा हें कळत नाहीं. पंपाला तेलच मिळालें नाहीं, तर जगांतील सर्वोत्तम पंपहि दाब कोठून आणणार? अनेक गाड्यांत पंप टाकींतून तेल स्वतः ओढून घेतो. त्यामुळें टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसून ओढ असते. तेथें चीर पडली तर तेल बाहेर ठिबकत नाहीं, हवाच आंत शिरते, आणि गाडीखालची जमीन कोरडी पाहून मिस्त्री नळीला निर्दोष ठरवून मोकळा होतो. त्या गाडीची नळी मीं बोटांनीं चांचपून, प्रत्येक जोड तपासून पाहिली, व गाळणीच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी बसविली. इंजिन उभ्या गाडींत चालवून पाहिलें. बुडबुडा एकहि नाहीं. गाडी बरी होती तेव्हां ती बरीच दिसली, यापलीकडे त्यांतून कांहीं सिद्ध झालें नाहीं.

म्हणून मीं एक दोन आण्यांच्या योग्यतेचा उपाय केला. चालकाला एक वही दिली. गाडी थांबेल तेव्हां ठिकाण, वेळ, भार, टाकींतील तेलाची पातळी आणि कांट्याची वागणूक त्यानें लिहावी, अनुमान कांहीं लिहूं नये. पंधरा दिवसांत आठ नोंदी झाल्या. पैकीं सात वेळां टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली होती. आठही वेळां गाडी भरलेली होती; रिकामी परततांना ती एकदांहि थांबली नाहीं. एक नोंद तर पहाटे पांचची, थंडगार हवेंतली निघाली, आणि तिनें उन्हाच्या शंकेचा निकाल लावला. जुने चालक अशा वेळीं पंपावर ओलें पोतें टाकतात. पेट्रोल थोड्या उष्णतेनेंच उकळूं लागतें, तेव्हां पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत त्या पोत्याला अर्थ होता. डिझेलला उकळावयास दीडशें अंशांच्या वर जावें लागतें. नागपूरचा मे महिना कितीहि ४५ अंशांपलीकडे गेला तरी तेथवर पोंचत नाहीं! पोतें टाकण्यांत जीं दहा मिनिटें जात तींच गुणकारी ठरत, आणि यश मात्र पोत्याला मिळे.

मग आम्हीं मुख्य परीक्षा केली. स्वच्छ डिझेलचा एक डबा पक्का बांधून ठेवला, पंपाकडे जाणारी नळी टाकीवरून काढून त्यांत सोडली, आणि जादा तेल परत आणणारी नळीहि त्यांतच घातली. ही दुसरी नळी विसरलें तर डबा लवकर रिकामा होतो आणि परीक्षा फसते. आतां टाकी गाडीवर होती, पण इंजिनाशीं तिचा संबंध नव्हता. (पेट्रोलच्या गाडींत हा प्रयोग कोणीं कदापि करूं नये.) भरल्या गाडीनें त्याच रस्त्यानें एक फेरी बिनतक्रार झाली. भाऊ म्हणाले, "झालें, टाकीच!" मीं म्हटलें, थांबा. गाडी सरासरी दोन फेऱ्यांत एकदां थांबत होती. मग एक फेरी सुरळीत जाणें हा नाणें फेंकल्यासारखा प्रकार झाला. चार फेऱ्या लागोपाठ चांगल्या झाल्या तर तें केवळ दैवानें घडण्याचा संभव सोळांत एक उरतो. अधूनमधून येणाऱ्या बिघाडांत पुष्कळांची फसगत येथेंच होते; गाळणी बदलून दोन दिवस गाडी चालली, तीहि अशीच. आम्हीं पांच फेऱ्या केल्या. एकदांहि अडली नाहीं. नंतर पूर्वींप्रमाणें टाकी जोडली, आणि दुसऱ्याच फेरींत कळमेश्वराच्या अलीकडे गाडीनें आचके दिले. या वेळीं पारदर्शक नळींत बुडबुड्यांची माळ लागली होती. नळी तर अखंड होती. म्हणजे टाकींतून तेल येतांना त्याची वाट कोंडली जात होती, आणि जोराच्या ओढीमुळें तेलांत विरघळलेली हवाच बाहेर पडत होती.

टाकी उतरविली. तळाशीं थोडें पाणी होतें, त्यावर काळपट बुळबुळीत थर होता; पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून असा गाळ होतो. आणि त्यांत होता तळहाताएवढा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा. भार वाढला कीं ओढ वाढे, टाकी खालावली कीं तो तुकडा तोंडाजवळ येई, आणि ओढनळीच्या जाळीला जाऊन चिकटे. इंजिन थांबलें कीं ओढ संपे, तुकडा सुटून खालीं बसे, आणि दहा मिनिटांनीं गाडी निष्पाप दिसे. वहींतील एकहि नोंद या स्पष्टीकरणाबाहेर राहिली नाहीं.

तो तुकडा आला कोठून, हें भाऊंनीं स्वतःच ओळखलें. बागेंतील पंपासाठीं ते पिंपांत डिझेल सांठवून ठेवीत, आणि झांकण गळूं नये म्हणून आट्यांखालीं पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा लावीत. घाईच्या दिवसांत गाडीहि त्याच पिंपांतून भरली जाई. पाणीहि तेथलेंच, अर्धें रिकामें पिंप रात्रीं थंड झालें कीं आंतल्या हवेंतील बाष्प त्याच्या भिंतींवर दंव होऊन उतरतें. रॉकेलाचा कोठें मागमूस नव्हता. भाऊ तो तुकडा हातांत धरून बराच वेळ उभे होते.

जे श्रोते घरच्या गाडीचें बॉनेट हौसेनें उघडतात त्यांना दोन गोष्टी सांगतों. मीं हात लावला तो सारा टाकीच्या बाजूच्या नळ्यांना. रेल आणि तिच्यापासून निघणाऱ्या पोलादी नळ्या इंजिन चालू असतां कधींहि सैल करूं नयेत, आणि तेथील गळती बोटानें चांचपूं नये. त्या दाबाची बारीक धार कातडींतून आंत शिरते. जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसते, पण तिच्यावर तात्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हातहि गमवावा लागतो. दुसरें असें कीं, गाडी चालतां चालतां बंद पडली तर सुकाणूं जड होतें आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांतच संपते. अशा वेळीं पाय वारंवार न उचलतां ब्रेक एकदांच घट्ट दाबून धरावा, आणि गाडी वेगांत असेपर्यंतच तिला रस्त्याच्या कडेला घ्यावें. किल्ली मात्र गाडी पूर्ण थांबेपर्यंत काढूं नये, नाहीं तर सुकाणूंच अडकून बसतें.

टाकी धुवून, वाळवून, नवी गाळणी घालून बसविली. पंप जुनाच आहे. पिंपाच्या झांकणाला आतां रबराची चकती आहे, आणि तेल बारीक तारेच्या जाळीच्या नरसाळ्यांतून गाळल्याशिवाय गाडींत जात नाहीं. अडकलेला पगार त्याच संध्याकाळीं दिला गेला. भाऊंनीं तो स्वतः चालकाच्या घरीं नेऊन दिला, एवढें मला त्यांच्या मुलाकडून कळलें. वही अद्याप गाडींतच आहे. मागच्या खेपेस मीं ती चाळली, तेव्हां शेवटच्या पानावर तारीख, 'टाकी पाव, माल भरून', आणि पुढें 'कळमन्यास वेळेवर' एवढेंच लिहिलेलें होतें.