चाकातील हवा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



एके काळी आपल्या ज्ञातीत मोटार बाळगणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी होती आणि बहुधा मोटारीबरोबर ड्रायव्हरही असे. आज मोटार दारोदार उभी आहे. ड्रायव्हर मात्र गेला, आणि रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारून सर्व ठीक आहे ना हे पाहण्याची त्याची रीतही गेली. किल्ली फिरविताच गाडी चालू होते, तेव्हा सर्व कुशल आहे, अशी आम्हां मालकमंडळींची समजूत!

वायपर कुरकुरतो, बॅटरीच्या टोकांवर भुकटी साचते, काचेखालच्या जाळीत पाने अडकून पाणी तुंबते, या तक्रारी आम्ही नेहमी ऐकतो. ओले फडके, सोडा घातलेले कोमट पाणी आणि सुटीच्या दिवसाची दहा मिनिटे एवढ्यावर त्या बहुधा मिटतात. आज बोलावयाचे आहे ते चाकातील हवेविषयी. कारण तेथील गैरसमजाचे मोल कधीकधी प्राणांनी द्यावे लागते.

उन्हाळ्यात हवा तापून फुगते, सबब ती कमीच भरावी, असे पुष्कळ शहाणी माणसेही सांगतात. वस्तुस्थिती उलट आहे. कमी हवेचा टायर अधिक दबतो. प्रत्येक फेऱ्यासरशी त्याची बाजू दुमडते, उलगडते आणि रबर आतून तापत जाते. त्यात भर दुपार, ताशी शंभराचा वेग, पाच माणसे आणि लग्नाचे सामान! नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा आणि जून २०२५ मध्ये अखेरचा टप्पा खुला झाला. गावातल्या गावात वर्षानुवर्षे निभावलेला टायर अशा अखंड वेगात निभावेलच, असे कोणी समजू नये.

हवा किती भरावी, हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेले असते. भरलेल्या गाडीसाठी बहुधा निराळा आकडा असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरावयाचा नव्हे. माप घ्यावे ते सकाळी, टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरात काही पौंड अधिक दिसतात. ते पाहून हवा सोडणे म्हणजे पुन्हा पहिलाच दोष. मापयंत्र काही शेकडा रुपयांत मिळते.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार अंक असतात. २३१९ म्हणजे सन २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी जुने रबर कडक होऊन तडकते. स्टेपनी तर न वापरताच म्हातारी होते आणि तिची हवा कोणी पाहत नाही!

चाक बदलण्याची कला भगिनींनीही शिकावी, असा आमचा आग्रह आहे. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करावेत, जॅक मागाहून चढवावा. उचललेल्या चाकावर जोर लावल्यास गाडी जॅकवरून घसरते.

सभेनंतर आम्ही मापयंत्र घेऊन आवारात थांबणार आहोत. गाड्या सकाळपासून सावलीत उभ्या आहेत. टायर थंड असतील. इच्छुकांनी यावे.