जुन्या मोटारीचे मागचे सस्पेन्शन : झीज कशी ओळखावी

मोटारीच्या मागच्या सस्पेन्शनला तीन कामे करावी लागतात. गाडीचे आणि माणसांचे वजन पेलायचे, खड्ड्यातून बसलेला हेलकावा लवकर शमवायचा आणि एक्सल जागेवर धरून ठेवायचा. पहिले काम स्प्रिंगचे. दुसरे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या बोलीत शॉकअपचे. तिसरे काम दांड्या, पिना आणि रबरी बुशांचे. हे तिन्ही भाग झिजतात, पण प्रत्येकाची झीज वेगळी दिसते. स्प्रिंग थकली की गाडीची उंची बदलते, शॉकअप गेला की चाल बदलते आणि बुश खाल्ले गेले की बहुधा आवाज येतो. मागून खडखड ऐकू आल्याबरोबर दोन्ही शॉकअप बदलून टाकले, तर पुष्कळदा पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

तपासणीआधी गाडीत मागे नेमकी कोणती रचना आहे ते माहीत असावे. अ‍ॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ओम्नी या गाड्यांना मागे पाटे असतात. एकाखाली एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांपैकी सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला पिनेने पक्का असतो, मागचा डोळा शॅकल नावाच्या हलत्या दुव्यावर लटकतो. कारण वजनाखाली पाटा सपाट होताना लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. या गाड्यांत एक्सलला पुढेमागे किंवा आडवे सरकू न देण्याचे कामही पाटाच करतो. मारुती झेनसारख्या गाड्यांत कॉइल स्प्रिंग असते. ती फक्त वजन पेलते, म्हणून एक्सल धरायला वेगळ्या दांड्या आणि त्यांच्या टोकांना बुश द्यावे लागतात.

पहिली तपासणी उभ्या गाडीची. गाडी सपाट जागेवर घ्यावी, टायरमधली हवा सारखी करावी आणि डिकी रिकामी करावी. सैल स्टेपनी, जॅक, पान्यांची पिशवी किंवा सायलेन्सरचे फाटलेले रबर यांचा आवाज सस्पेन्शनच्या आवाजासारखाच येतो. तो संशय आधी मिटवावा. मग दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यावे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल, तर खाली बसलेल्या बाजूची स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे असे धरून पुढे पाहावे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर मापात फरक येत नाही. अशा वेळी रात्री हेडलाइटचा झोत बघावा. मागची बाजू खाली गेल्याने झोत वर उचलला जातो आणि समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर येतो. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असलेल्या जुन्या गाड्यांत हे हमखास दिसते, कारण ते वजन स्प्रिंगवर रात्रंदिवस असते.

पाट्यांच्या गाडीत एक माप आणखी घ्यावे. पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजावे. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. त्याचे डोके एक्सलवरच्या भोकात बसते आणि एक्सलची जागा ठरवते. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले झाले की सेंटर बोल्टवर ताण येतो आणि तो तुटला की एक्सल एका बाजूला सरकतो. मग दोन मापे जुळत नाहीत, गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते आणि स्टिअरिंग एका अंगाला धरून ठेवावे लागते.

दुसरी तपासणी शॉकअपची. मागचा एक कोपरा अंगाचा भार देऊन दोनतीनदा दाबावा आणि हात सोडावा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. दोनतीन झोके घेत राहिली तर शॉकअप निकामी झाला आहे. मात्र या परीक्षेत पास झालेला शॉकअप चांगलाच असेल असे नाही, कारण हाताने दिलेला धक्का रस्त्यावरच्या धक्क्यापेक्षा फार मंद असतो. म्हणून अंगावरून तेलाचा ओघळ उतरून त्यावर धुळीचा चिखल जमला आहे का, ते पाहावे. नुसता ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही. टायरवरून तळवा फिरवावा. ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टेकून न चालता उडत चालले आहे. आणखी एक सोपी खूण आहे. खराब रस्त्यावर आठदहा किलोमीटर गाडी चालवून लगेच दोन्ही शॉकअपना जपून हात लावावा. शॉकअप हेलकाव्याची शक्ती उष्णतेत बदलतो, म्हणून चालू शॉकअप कोमट लागतो. एक कोमट आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला काम करत नाही. जवळून सायलेन्सरची नळी जात असेल तर या परीक्षेवर विसंबू नये.

तिसरी तपासणी बुशांची, आणि ती गाडीखाली जाऊन करावी लागते. इथे एक धोका लक्षात ठेवायला हवा. हँडब्रेक या गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. भक्कम स्टँड हवेतच. स्टँड एक्सलखाली द्यावेत, म्हणजे स्प्रिंगवर वजन राहते आणि भाग रस्त्यावर असतात तसेच दिसतात. मग मेन पाट्याचे डोळे, शॅकल, दांड्यांची टोके आणि शॉकअपची वरची व खालची टोके यांच्याजवळ पहार घालून हलके ढकलावे. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. खराब बुशात पिन भोकाच्या मधोमध नसते, रबराला चिरा असतात किंवा लोखंडावर लोखंड घासून चकाकी आलेली असते. तेल किंवा डिझेल लागून रबर फुगले असेल, तर बुश नवा असला तरी गेलेलाच समजावा.

पाट्यांवर चीर शोधताना मधला भाग आणि डोळ्यांची वळणे आधी साफ करावीत. गंजाची बारीक आडवी रेघ दिसली तर तिथे पाटा तडकलेला असण्याचा दाट संभव असतो. कॉइल स्प्रिंग बहुधा सर्वांत खालच्या वेढ्यात तुटते, कारण चिखल आणि पाणी तिथेच साचते. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत हा भाग विशेष बघावा.

आवाजाचा प्रकारही दिशा दाखवतो. सावकाश जाताना येणारी करकर पाण्याने थांबते का, ते बघावे. एकेका बुशावर आणि पाट्यांवर पाणी मारून गाडी हलवली की दोषी जागा सापडते. लहान खड्ड्यांत होणारी ठकठक बहुधा शॉकअपच्या टोकाच्या बुशाची असते. क्लच सोडताना मागे एकदाच टक् झाले, तर पाट्याच्या पिनेइतकाच संशय प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर, घ्यावा. चाके अडवून, गिअर काढून शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवला की क्रॉसमधली ढील कळते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर मात्र सस्पेन्शनची नसून बेअरिंगची किंवा टायरची असते.

दुरुस्ती करताना शॉकअप आणि स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात, नाहीतर नवी आणि जुनी बाजू वेगवेगळी वागते. बसलेले पाटे ठोकून पुन्हा बाक देता येतो, पण थकलेले पोलाद तो फार काळ टिकवत नाही. जादा पाटा घातल्याने उंची वाढते, पण चाल कडक होते आणि मूळ शॉकअपला ती ताकद आवरत नाही. रबरी बुशांचे नट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळावेत. चाके लटकत असताना आवळले, तर गाडी खाली घेताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. यू-बोल्ट दोनतीनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावेत आणि त्याच वेळी उंचीची मापे परत घेऊन लिहून ठेवावीत. पुढच्या तपासणीला तुलनेसाठी तीच उपयोगी पडतात.